समोरच्या टीमच्या जाणकाराला नेमकं काय विचारायचं? इंडियाना-पर्ड्यूच्या अनुभवावरून

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू ब्लूमिंग्टनला इंडियाना युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतोयस, दोन रूममेट्सना घेऊन ऑगस्टपासून मराठीत पॉडकास्ट सुरू करायचाय, त्यात कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हीचा सीझन प्रिव्ह्यू करायचाय आणि मोठ्या मॅचच्या आधी समोरच्या टीमचा एक जाणकार बोलवायचाय. त्यांना काय विचारायचं, त्यांचं किती खरं धरायचं आणि सुरुवात कुठून करायची, एवढं तुला हवंय.

मी पुण्याहून कमिन्सच्या कामासाठी इथे कोलंबसला आलो (इंडियानातलं कोलंबस, ब्लूमिंग्टनहून तासाभराच्या आतलं, ओहायोचं नव्हे) त्याला वीस वर्षं होत आली, आणि त्यातली चौदा वर्षं मी इथल्या एका छोट्या रेडिओ कार्यक्रमासाठी हेच काम करतोय, दर उन्हाळ्यात फुटबॉलचा आणि दर ऑक्टोबरात बास्केटबॉलचा प्रिव्ह्यू. समोरच्या टीमच्या माणसाला निकाल विचारायचा नाही, त्याने डोळ्यांनी काय पाहिलंय ते विचारायचं. माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे, पण उदाहरणांशिवाय ते कळत नाही म्हणून लांब लिहितो.

माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो कारण त्यातूनच मी हे शिकलो. २०२४ चा जुलै. इंडियानाची फुटबॉल टीम २०२१ मध्ये २-१० (आधी विजय, मग पराभव), २०२२ मध्ये ४-८, २०२३ मध्ये ३-९. नवा कोच कर्ट सिग्नेट्टी आलेला, व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून. बिग टेन ही इंडियानाची कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट) तेव्हा नुकतीच १८ टीमची झाली होती, ओरेगन, वॉशिंग्टन, यूसीएलए आणि यूएससी आत आले होते, आणि कॉन्फरन्स कव्हर करणाऱ्या पत्रकारांच्या पोलमध्ये इंडियानाला १७ वं ठेवलं होतं. मी प्रिव्ह्यूसाठी ओहायो स्टेट, मिशिगन, नेब्रास्का अशा तीन ठिकाणच्या लोकांशी बोललो, तिघांनीही इंडियानाबद्दल साधारण तेच सांगितलं जे मला आधीच माहीत होतं, आणि मी ५-७ असा अंदाज दिला. टीमने पहिल्या दहाच्या दहा मॅच जिंकल्या, सीझन ११-२ ने संपवला, कट्टर प्रतिस्पर्धी पर्ड्यूला ६६-० ने हरवलं आणि चॅम्पियन ठरवणाऱ्या १२ टीमच्या प्लेऑफमध्ये गेली.

नंतर मी शांतपणे बसून बघितलं की माझं कुठे चुकलं. ओहायो स्टेटच्या माणसाने २०२३ ची इंडियाना पाहिली होती पण २०२४ मध्ये मैदानात उतरणारी टीम ती नव्हतीच! सिग्नेट्टीसोबत जेम्स मॅडिसनहून १३ खेळाडू आले होते, एडन फिशर, मिकेल कमारा, डीअँजेलो पाँड्स, एलायजा सॅरॅट हे सगळे त्यातलेच, आणि ती जेम्स मॅडिसनची टीम २०२३ च्या रेग्युलर सीझनमध्ये ११-१ होती. क्वार्टरबॅक (बॉल फेकून ऑफेन्स चालवणारा खेळाडू) कर्टिस रूर्क ओहायो युनिव्हर्सिटीतून आलेला (ओहायो स्टेट नव्हे, अथेन्स गावातली वेगळी युनिव्हर्सिटी). म्हणजे माझ्या प्रश्नांची उत्तरं जेम्स मॅडिसनच्या गावात, हॅरिसनबर्गमध्ये होती आणि मी हॅरिसनबर्गला एकही फोन केला नव्हता. तिथे दर शनिवारी स्टेडियममध्ये बसणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की हा कमारा क्वार्टरबॅकपर्यंत किती पटकन पोचतो. सिग्नेट्टी डिसेंबर २०२३ मध्ये म्हणाला होता की मी जिंकतो, गूगल करून बघा, तेव्हा बऱ्याच जणांनी ते मनोरंजन म्हणून घेतलं, पण खरंच गूगल केलं असतं तर दिसलं असतं की हेड कोच म्हणून त्याचा एकही सीझन हारणारा नव्हता. ते काम दहा मिनिटांचं होतं.

तेव्हापासून माझी 'समोरच्या टीमचा जाणकार' ही व्याख्याच बदलली. ट्रान्सफर पोर्टलच्या (युनिव्हर्सिटी बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीच्या) काळात ज्याने तो खेळाडू मागच्या वर्षी पाहिला तो तुझा जाणकार, मग ती टीम तुझ्या शेड्यूलवर असो नसो. २०२५ ला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीतून (कॅल, बर्कली) आला तेव्हा मी आधी बर्कलीला कॅल बघणारा माणूस शोधला. त्याने अर्धा तास मेंडोझा मार खाऊन पुन्हा कसा उभा राहतो यावरच घालवला, कारण तिथे त्याला वाचवणारी पुढची लाइन कमजोर होती आणि तो सारखा सॅक होत होता (बॉल फेकण्याआधीच पाडला जात होता). आकड्यांत त्याचा सीझन चांगला होता, थक्क करणारा नव्हता. पण त्या माणसाचं बोलणं ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की याला नीट लाइन मिळाली तर गोष्ट वेगळी होईल. पुढचं तुला माहीत आहे, हाइझमन ट्रॉफी (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची), इंडियानाच्या इतिहासातली पहिली, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ ने हरवून १६-० आणि नॅशनल चॅम्पियनशिप. मी तेही ओळखलं नव्हतं, कुणीच नव्हतं, पण दहा विजय लिहायची हिंमत मला त्या अर्ध्या तासाने दिली.

आता माणूस निवडायचा कसा. नावाजलेल्या बीट रिपोर्टरच्या (एकाच टीमच्या बातम्या देणाऱ्या पत्रकाराच्या) मागे लागू नकोस, निदान सुरुवातीला. त्याला त्याच कोचसमोर रोज उभं राहायचं असतं त्यामुळे तो तोलून मापून बोलतो, आणि ते बरोबरच आहे, त्याची ती रोजीरोटी आहे. जुने खेळाडू प्रेमाने बोलतात पण ते आपल्या काळात जास्त रमतात. माझा अनुभव सांगतो, सगळ्यात उपयोगी पडतात विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांचे स्पोर्ट्स रिपोर्टर. तुमच्याकडचं इंडियाना डेली स्टुडंट, पर्ड्यूचं एक्स्पोनंट, मिशिगन डेली, ओहायो स्टेटचं लँटर्न, डेली नॉर्थवेस्टर्न. ही एकवीस बावीस वर्षांची मुलं प्रॅक्टिसला जातात, अवे मॅचला प्रवास करतात, खेळाडूंच्याच डॉर्ममध्ये राहून आलेली असतात, आणि ईमेलला उत्तर देतात. तू स्वतः विद्यार्थी आहेस त्यामुळे ते तुझ्याशी जास्त मोकळे बोलतील, हा फायदा मला कधीच नव्हता.

त्यांच्यानंतर माझ्या लेखी नंबर लागतो तो वीस-तीस वर्षं सीझन तिकीट काढणाऱ्या माणसाचा. पर्ड्यूच्या गावात, वेस्ट लाफायेटला, माझा असा एक मित्र आहे, निवृत्त हायस्कूल कोच, दर मॅच स्टेडियममध्ये बघतो आणि रविवारी घरी रेकॉर्डिंग लावून परत बघतो. असा एक माणूस प्रत्येक रायव्हल गावात मिळाला तर तुला अजून काही नको.

फुटबॉलचे कॉल जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उरकायचे. तेव्हा बिग टेन मीडिया डेज (कोच आणि खेळाडू पत्रकारांना भेटतात ते दिवस) असतात, सगळ्यांच्या डोक्यात टीम ताजी असते आणि वेळही असतो. ऑगस्टमध्ये कॅम्प सुरू झाला की दारं बंद, आणि पहिली मॅच झाली की तुला कुणी वाली नाही. ईमेल पाच ओळींचं लिही, कोण आहेस, पंचवीस मिनिटं हवीत, साधारण कोणते चार विषय, आणि शेवटी हे नक्की लिही की तुम्हाला आमच्या टीमबद्दल काही हवं असेल तर मी तेवढाच वेळ देईन. ही शेवटची ओळ लिहायला लागल्यापासून मला नकार येणं जवळजवळ थांबलं.

बोलायला लागलास की टोमणे मारू नकोस. हे मी ठासून सांगतोय कारण सुरुवातीच्या काळात मी एका पर्ड्यूवाल्याशी कार्यक्रमाची सुरुवातच ओल्ड ओकन बकेटवरून (इंडियाना-पर्ड्यू फुटबॉल मॅचची ट्रॉफी) चिडवण्याने केली, मला वाटलं होतं मजा येईल, आणि पुढची वीस मिनिटं त्याने मला एकेका वाक्याची बंद उत्तरं दिली, कार्यक्रम वाया गेला आणि तो माणूस पुन्हा आला नाही. ही बकेट १९२५ पासून आहे, पहिलीच मॅच ०-० सुटली म्हणून विजेत्याच्या अक्षरांच्या साखळीतल्या पहिल्या कडीवर दोघांचीही अक्षरं आहेत, लोकांच्या आजोबांपासूनच्या आठवणी तिला चिकटलेल्या आहेत. तिथे चेष्टा कधी झोंबेल सांगता येत नाही. तसंच पर्ड्यूच्या माणसासमोर इंडियानाचा तेव्हाचा बास्केटबॉल कोच बॉब नाइट याने १९८५ मध्ये फेकलेल्या खुर्चीचा विषय काढू नकोस, त्याने तो हजारदा ऐकलाय. आणि आपले बास्केटबॉलचे पाच चॅम्पियनशिप बॅनर, १९४०, ५३, ७६, ८१, ८७, हे तर मुळीच मोजून दाखवू नकोस, त्यांच्याकडे पुरुषांच्या बास्केटबॉलचं एनसीएए (राष्ट्रीय) टायटल नाही आणि ते दुखणं खरं आहे. त्याऐवजी त्यांच्या टीममधलं तुला मनापासून आवडलेलं काहीतरी सांगून सुरुवात कर. पर्ड्यूच्या बाबतीत मी नेहमी मॅट पेंटरपासून सुरू करतो, २००५ पासून तो तिथे बास्केटबॉलचा हेड कोच आहे आणि आजच्या पोर्टलच्या दिवसात मुलं त्याच्याकडे चार-चार वर्षं टिकतात, याचं मला खरोखर कौतुक आहे.

मग प्रश्न. माझ्याकडे ठरलेले काही आहेत ते सांगतो, क्रम महत्त्वाचा नाही फक्त स्कोअरचा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेव, कारण एकदा त्याने '३१-२४' म्हटलं की नंतरचं प्रत्येक उत्तर तो त्या आकड्याला धरून देतो.

कोणत्या एका पोझिशनला दुखापत झाली तर तुमचा सीझन संपला? या प्रश्नाला सगळे खरं बोलतात. तिथे माणूस थांबतो, विचार करतो आणि मग बहुतेक वेळा क्वार्टरबॅकचं नाव न घेता पुढच्या लाइनमधला लेफ्ट टॅकल किंवा सेंटर म्हणतो, आणि तुला कळतं की त्या जागेवर दुसरा माणूस तयार नाही.

थर्ड डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) दोन यार्ड हवेत, अख्ख्या स्टेडियमला काय होणार ते आधीच माहीत असतं, तुमच्याकडे ते काय असतं? हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न. कुठल्याही वेबसाइटवर याचं उत्तर सापडत नाही, ते फक्त बारा शनिवार तिथे बसलेल्या माणसाकडे असतं. 'आमचा कोच अशा वेळी हमखास उजवीकडे धावतो आणि आम्ही सगळे डोक्याला हात लावतो' असं काहीतरी येतं, आणि त्यात नुसती माहिती नसते, त्यांचा कोचवर किती विश्वास आहे तेही कळतं.

आणि मग, आमच्या टीमबद्दल तुम्हाला काय दिसतं? हा विसरायचा नाही म्हणजे नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडकात मी तीन वर्षं बॅकस्टेजला होतो, भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' च्या आरोळ्यांत वाढलेला माणूस मी. आमच्या एकांकिकेचा पेस मधल्या प्रवेशात पडतो हे आम्हाला आमच्यातल्या कुणीच सांगितलं नव्हतं, सगळ्यांना ते पाठ होतं त्यामुळे कुणाला दिसतच नव्हतं. ते सांगितलं समोरच्या कॉलेजच्या लाइट्सवाल्या मुलाने, चहा पिताना, सहज. तो आम्हाला हरवायला आलेला होता म्हणूनच त्याने आम्हाला इतकं नीट पाहिलं होतं.

याचं उलटं उदाहरण माझ्या स्वतःच्या बाबतीत आहे, तिथे रायव्हल जाणकार मी होतो. २०२३ च्या फेब्रुवारीत पर्ड्यूची बास्केटबॉल टीम २२-१ होती, देशात पहिली, झॅक ईडी ७ फूट ४ इंच, त्याला कुणी आवरू शकत नव्हतं. इंडियानाने त्यांना तीन आठवड्यांत दोनदा हरवलं, ब्लूमिंग्टनला ७९-७४ आणि त्यांच्या मॅकी अरीनात ७९-७१, तिथे जेलन हूड-शिफिनोने ३५ पॉइंट केले. त्या दोन्ही मॅच बघून मी माझ्या कोच मित्राला म्हटलं की ईडीची काळजी करू नका, तुमचे दोन्ही गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) आहेत, बॉल वर आणताना त्यांच्यावर प्रेशर आलं की अख्खा ऑफेन्स उशिरा सुरू होतो आणि ईडीपर्यंत बॉलच पोचत नाही. तो म्हणाला मलाही तीच भीती आहे. मार्चमध्ये एनसीएए स्पर्धेत फेअरली डिकिन्सनने, १६ व्या म्हणजे सगळ्यात खालच्या सीडने, डिव्हिजन वनमधल्या सगळ्यात बुटक्या टीमने त्यांना ६३-५८ ने हरवलं, पर्ड्यूने त्या दिवशी तीन पॉइंटचे २६ पैकी ५ शॉट मारले. मला त्यात आनंद झाला नाही, मित्राचा आवाज त्या रात्री ऐकवत नव्हता. पण पेंटरने पुढच्या वर्षी काय केलं बघ, सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स नावाचा एक अनुभवी गार्ड आणला, बाकी टीम तीच ठेवली, आणि २०२४ ला ते थेट फायनलला गेले, तिथे यूकॉनकडून ६०-७५ हरले आणि ईडीने एकट्याने ३७ केले. मे-जूनमध्ये एखाद्या टीमने पोर्टलमधून नेमकं कोणाला आणलं हे बघितलंस की त्यांना स्वतःचं दुखणं कुठे वाटतंय ते आपोआप कळतं. प्रिव्ह्यूचा पहिला प्रश्न तिथूनच काढायचा.

आकड्यांबद्दल थोडं, कारण तू इंजिनिअर असशील असा माझा अंदाज आहे आणि आपण लोक आकड्यांत बुडतो. फुटबॉलमध्ये मी सक्सेस रेट बघतो, म्हणजे फर्स्ट डाऊनला लागणाऱ्या यार्डांपैकी निम्मे, सेकंडला ७० टक्के, आणि थर्ड-फोर्थला पूर्ण मिळाले तर ते प्ले यशस्वी. एकूण यार्डांपेक्षा हे खूप बोलकं आहे. ज्या गोष्टी पुढच्या वर्षी टिकत नाहीत त्या वेगळ्या काढायच्या. हातातून सुटून जमिनीवर पडलेला बॉल (फंबल) कोण उचलतो हे जवळपास नाणेफेक आहे, त्यामुळे सगळे फंबल आपल्याच हातात पडून नऊ मॅच जिंकलेल्या टीमबद्दल सावध राहायचं. एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी पॉइंटच्या मॅचचंही तसंच. आता २०२६ च्या प्रिव्ह्यूत प्रत्येक रायव्हल तुला हे ऐकवणार की इंडियाना नशिबाने १६-० झाली, पेन स्टेटला शेवटच्या मिनिटात ओमार कूपरचा तो एंड झोनच्या कडेवरचा कॅच नसता तर. तेव्हा तुझ्याकडे उत्तर तयार पाहिजे: सोळापैकी एका स्कोअरच्या मॅच चारच होत्या, आयोवा २०-१५, पेन स्टेट २७-२४, ओहायो स्टेट १३-१० आणि मायामी २७-२१. बाकीच्या बारा किमान दहा पॉइंटने, त्यात अलाबामा ३८-३ आणि ओरेगन दुसऱ्यांदा ५६-२२. हे नशिबाचं प्रोफाइल नाही. पण त्या चारही जिंकल्या यात नशिबाचा वाटा आहे हेही मान्य करायचं, समोरचा बरोबर बोलत असेल तर लगेच हो म्हणायचं, त्याने तो पुढे आणखी मोकळं बोलतो.

बास्केटबॉलचा प्रिव्ह्यू मात्र पूर्ण वेगळ्या पद्धतीने करावा लागतो आणि नवीन लोक इथेच चुकतात, फुटबॉलचाच साचा उचलून लावतात. फुटबॉलच्या रोस्टरला (टीमच्या यादीला) १०५ खेळाडूंची मर्यादा आहे आणि रेग्युलर सीझन १२ मॅचचा, बास्केटबॉलला रोस्टर १५, प्रत्यक्षात खेळणारे आठ-नऊ, आणि मॅच तीसच्या वर, त्यातल्या २० कॉन्फरन्सच्या. फुटबॉलमध्ये एक शनिवार गेला की प्लेऑफ धोक्यात, बास्केटबॉलमध्ये नोव्हेंबरातली टीम आणि मार्चमधली टीम ही दोन वेगळी माणसं असतात. म्हणून बास्केटबॉलच्या जाणकाराला 'टीम कशी आहे' असं विचारून काही मिळत नाही. त्याला विचार की मोठ्या माणसाला पहिल्या आठ मिनिटांत दोन फाउल झाले तर कोण येतं आणि मग तुम्ही झोन (जागा वाटून डिफेन्स) खेळता का. प्रेस (मैदानभर दबाव) आल्यावर बॉल कोण आणतो. कोणते दोन खेळाडू एकत्र असताना ऑफेन्स अडकतो आणि तरी कोच त्यांना एकत्र ठेवतो. ही शेवटची गोष्ट प्रत्येक गावात असते आणि प्रत्येक गावात लोक त्यावर चिडलेले असतात.

खेळाडू जवळजवळ सगळेच नवीन असतील तर पुन्हा तेच, हॅरिसनबर्गचा धडा. बास्केटबॉल कोच डॅरियन डीव्हरीस वेस्ट व्हर्जिनियाहून इंडियानाला आला तेव्हा २०२५-२६ साठी जवळपास अख्खी टीम नव्याने उभी केली, लमार विल्करसन सॅम ह्यूस्टनहून, रीड बेली डेव्हिडसनहून, टेटन कॉनरवे ट्रॉयहून. त्या ऑक्टोबरात मी बिग टेनमधल्या कुणाला फोन करण्याआधी या तीन ठिकाणची माणसं शोधली. छोट्या युनिव्हर्सिटीच्या लोकांना कुणी कधी विचारत नाही त्यामुळे ते भरभरून सांगतात, आणि आपला मुलगा मोठ्या ठिकाणी गेला याचा त्यांना जो अभिमान असतो ना, तो ऐकताना मला दरवेळी भरून येतं.

आकडे इथे सोपे आहेत. केन पॉमरॉयच्या साइटवर दर शंभर पझेशनमागे (बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्यांमागे) किती पॉइंट केले आणि किती दिले ते मिळतं, तेवढं आणि डीन ऑलिव्हरचे चार घटक, शूटिंग, टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड, फ्री थ्रो, पुरेसे आहेत. समोरच्यांनी आपल्याविरुद्ध तीनचे किती टक्के मारले याला डिफेन्सचं श्रेय फार देऊ नकोस, त्यात नशीब जास्त असतं. आणि नॉन-कॉन्फरन्स शेड्यूल नीट वाच, कारण मार्चच्या एनसीएए स्पर्धेत जागा देताना नेट रँकिंग (एनसीएएची क्रमवारी) आणि क्वाड्रंट (समोरच्या टीमचा क्रमांक आणि मॅच कुठे झाली यावरून पाडलेले चार गट) बघतात. अवे मॅचला ७५ पर्यंतची टीम क्वाड वन धरली जाते, घरी मात्र ३० पर्यंतच. नोव्हेंबरात कुणाच्या घरी जाऊन खेळलो याचा हिशोब मार्चमध्ये निघतो.

दुखापतींबद्दल जपून. इंडियानात २०१९ पासून स्पोर्ट्स बेटिंग कायदेशीर आहे, आणि टीमच्या आतल्या माणसाने दिलेली 'अमका खेळणार नाही' ही माहिती आता पैशांची गोष्ट झाली आहे. ट्रेनिंग रूममध्ये काम करणारा तुझा वर्गमित्र असेल तर त्याला चुकूनही विचारू नकोस, त्याची जागा जाईल आणि तू अडचणीत येशील. बिग टेन मॅचच्या दोन तास आधी उपलब्धतेची यादी जाहीर करते, तेवढीच आपली माहिती. तसंही बाहेर काही कळत नसतं, रूर्क २०२४ चा सीझन फाटलेल्या एसीएलवर (गुडघ्याच्या लिगामेंटवर) खेळला हे जगाला सीझन संपल्यावर समजलं.

आणखी एक, खेळाशी संबंध नाही पण मोठा भाऊ म्हणून सांगतो. तू एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असशील तर पॉडकास्टला जाहिरात किंवा पैसे घेण्याआधी तुझ्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार. ते काम धरलं जाऊ शकतं. हौस म्हणून कर, कमाई नंतर.

मराठीत करतोयस याचा मला फार आनंद झाला. तुझे ऐकणारे कोण असतील याचा विचार कर, पर्ड्यूला आपली बरीच मुलं आहेत, कोलंबस आणि इंडियानापोलिसला कुटुंबं आहेत, आणि पुण्या-नाशिकला बसलेले आईवडील ज्यांना मुलगा शनिवारी फोन का उचलत नाही ते कळत नाही. त्यांच्यासाठी चार प्रयत्नांत दहा यार्ड हे एकदा नीट सांग, मग 'थर्ड अँड टू' बिनधास्त म्हण. जाणकाराचं इंग्रजी बोलणं तसंच वाजव आणि मग तुझ्या शब्दांत सांग, प्रत्येक शब्दाचं भाषांतर करत बसलास तर त्याचा आवाज हरवेल. त्याचं थांबणं, उसासा, 'वेल...' म्हणून गप्प होणं, हेच तर मोलाचं आहे.

प्रत्येक कॉलनंतर त्याच रात्री एक पान लिहून ठेव, तारीख टाकून, त्याने काय *पाहिलं* ते एका बाजूला आणि त्याला काय *वाटतं* ते दुसऱ्या बाजूला. नोव्हेंबरात दोन्ही सीझन एकमेकांवर चढतात, फुटबॉलच्या शेवटच्या चार मॅच आणि बास्केटबॉलच्या पहिल्या आठ, तेव्हा डोक्यात सगळं मिसळतं आणि हे पानच कामाला येतं. मी माझी जुनी पानं काढून बघितली तर 'वाटतं' ची बाजू निम्म्याहून जास्त चुकलेली आहे आणि 'पाहिलं' ची बाजू फारच क्वचित.

थँक्सगिव्हिंगनंतर बकेटची मॅच झाली की त्या रात्री मी वेस्ट लाफायेटला फोन करतो, कोण जिंकलं ते न बोलता आधी जुलैचं पान वाचून दाखवतो. २०२५ ला ५६-३ झालं होतं, आधीच्या वर्षी ६६-०, तरी तो फोन घेतो. या वेळी त्याने विचारलं की आमच्या लाइनचं तुला काय दिसलं, खरं सांग. आम्ही दीड तास बोललो. जुलैत तुझी त्याच्याशी ओळख करून देतो.